कोंड्याच्या भावात

माल विकताना त्याची तारीफ करावी, हे कुठल्याही दुकानदाराला शिकवावं लागत नाही. मूल विकताना मात्र त्याला नावं ठेवायची असतात, आणि तिथेच माझी एकदा चूक झाली.

पूर्वी ताश्कंदकडच्या आमच्या कोकंद गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. ज्या घरात मुलं जगत नसत, त्या घरची बाई नवं मूल दुलईत गुंडाळून आमच्या गल्लीत आणायची आणि खेळण्यांच्या दुकानदारणीला विकून टाकायची. मूल फळीवर निजायचं, भोवरे आणि खुळखुळ्यांच्या मध्ये. मग आई गल्लीला वळसा घालून दुसऱ्या टोकाने यायची, परकं गिऱ्हाईक बनून, आणि मूठभर कोंडा देऊन तेच मूल विकत घ्यायची. त्या घरावर ज्या कुणाची वाईट नजर असेल त्याला वाटावं, हे मूल या घरात जन्मलेलंच नाही, बाजारातून उचलून आणलंय, तेही कोंड्याच्या भावात. म्हणून दुकानदारणीने मालाला नावं ठेवायची. माल बाहेर पडला की तो गल्लीचं वळण ओलांडेपर्यंत नेणारीने बोलायचं नाही आणि विकणारीने मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं तर सौदा कच्चा राहतो.

माझ्या दुकानातून अशी नऊ मुलं विकली गेली. मला स्वतःला एकही झालं नाही. विकलेली मुलं दुकानदारणीला ओयी म्हणतात, म्हणजे आई, आणि ईदच्या दिवशी तिच्याकडे येऊन बसतात, अशी रीत आहे. एकेकाळी ईदला माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. माझा नवरा एर्गाश तक्रार करायचा की तुझी पोरं माझे भोवरे पळवतात, आणि दुसऱ्या दिवशी उठून आणखी भोवरे कातायला बसायचा.

गेल्या गुरुवारी त्या दुकानाचा शेवटचा दिवस होता.

गल्लीत लाकडी खेळण्यांची सात दुकानं होती. एक रोटीवाल्याने घेतलं, एकात आता पोरींची नखं रंगवतात, उरलेली चार मोबाइलवाल्यांनी वाटून घेतली. सातवं माझं. एर्गाश चरकावर लाकूड कातायचा, मी रंगवायचे आणि विकायचे. तो जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून नवा माल आला नाही, त्याने करून ठेवलेलाच मी एकेक काढून विकत होते. त्यामुळे धंदा मंद आहे याचं मला आतून बरंच वाटायचं. एखादा घोडा गेला की दोन दिवस त्याची रिकामी जागा फळीवर दिसत राहायची.

मुलं येत नव्हती असं नाही. आईच्या हाताला धरून यायची, भोवरा उचलायची, उलटासुलटा करून त्याचं बटण शोधायची आणि परत ठेवून द्यायची. शेवटचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे हमरस्त्यावरचं एक हॉटेल. त्यांनी बाहुल्यांचे बारा पाळणे एकदम नेले. मला आनंद झाला. नंतर कळलं, प्रत्येक टेबलावर एक पाळणा ठेवलाय आणि त्यात हात पुसायचे कागद निजवलेत. त्या दिवशी मी घरी येऊन एर्गाशच्या फोटोसमोर भांडले. तो बिचारा काय बोलणार?

शेजारच्या मोबाइलवाल्याने जागा मागितली तेव्हा मी हो म्हटलं. पोरगा सभ्य आहे. तिसऱ्या प्रहरी येऊन किल्ली नेतो, म्हणाला. दुकानामागची माझी खोलीही त्याच्याचकडे जाणार होती. फरगान्याला माझा भाचा असतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, या, सोय होईल. "या" आणि "सोय होईल" यांच्यामध्ये त्याने जो श्वास घेतला तो मला साफ ऐकू आला.

मला काय हवं होतं ते सरळच सांगते, लपवायचं कशाला? माझ्या मुलांपैकी एकाने म्हणायला हवं होतं, ओयी, फरगान्याला कशाला, आमच्याकडे चला. मी गेले असते असं नाही. पण कुणी म्हणावं तरी. म्हणून मी आठ जणांना निरोप पाठवला की दुकानाचा शेवटचा दिवस आहे, ओश करते, आपला मटणाचा पुलाव, जेवायला या. भल्या सकाळी कढई चढवली, गाजरं चिरली, मटण नीट परतून घेतलं. फळ्या रिकाम्याच होत्या, त्यावर चहाच्या नऊ वाट्या मांडल्या.

तिघं रशियात आहेत, एक कोरियात. त्यांचं येणं होणार नव्हतंच, पण त्यांनी फोनवर फुलांची चित्रं पाठवली. ताश्कंदची आली नाही, तिच्या नणंदेचं लग्न होतं. एकाने आवाज भरून पाठवला, त्यात मागून कुणीतरी त्याला हाका मारत होतं. एकाने नाचणाऱ्या मांजराचं चित्र पाठवलं, बहुधा चुकून. आठव्याचं काहीच आलं नाही. गरज सरो वैद्य मरो, म्हणतात ते खोटं नाही. दुपारपर्यंत तांदळाचं शीत न् शीत मोकळं झालं होतं आणि ते खायला मी एकटी होते.

नवव्याला मी बोलावलंच नव्हतं. तोच आला.

सोतवल्दी हा माझा पहिला सौदा. सोतवल्दीचा अर्थच मुळी विकत घेतलेला. एकतीस वर्षांपूर्वी त्याची आई हायरी त्याला घेऊन आली, तेव्हा तिची आधीची तीन गेली होती. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि माझी कूस रिकामी होती. सासू मागे बसून मला शिकवत होती, असं म्हण, तसं म्हण. मी सगळं पाठ केलं होतं. पण त्याला फळीवर ठेवला आणि त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. हायरी परकं गिऱ्हाईक होऊन आली, तिने विचारलं, हे कसं आहे? मी बोलून गेले, "याच्याइतकं देखणं अख्ख्या बाजारात नाही." सासूने कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्याने भागलं नाही. हायरी त्याला घेऊन निघाली तशी मी उंबऱ्यापर्यंत धावले आणि ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. शब्दही चुकला, नजरही चुकली.

हायरीने मला त्याबद्दल कधी माफ केलं नाही. त्याला ओयी म्हणू दिलं नाही, तो मला ओपा म्हणायचा, कुठल्याही थोरल्या बाईला म्हणतात तसं. ईदला तो चोरून यायचा आणि चोरून भोवरा न्यायचा. पोरगा जगला, वाढला, लोखंडी फाटकं जोडायला शिकला. म्हणजे सौदा काही इतका कच्चा नव्हता, असं मी स्वतःला सांगायचे. लग्न झाल्यावर त्याचं येणंही बंद झालं. त्याला नऊ वर्षं झाली.

आणि आता तो दारात उभा होता. पोट सुटलेलं, कानाजवळचे केस पिकलेले. मागे त्याची बायको मुहय्यो, आणि तिच्या हातात दुलईचं गाठोडं. मला वाटलं, कुणाकडून तरी दुकानाचं कळलं म्हणून आला. मी उठून एका वाटीत चहासुद्धा ओतला.

"ओपा, दुकान चालू आहे ना?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या प्रहरापर्यंत आहे. काय घ्यायचंय?"

"घ्यायला नाही आलो. विकायला आलोय."

मुलगी बारा दिवसांची होती. आधीच्या दोघी चाळीस दिवसांच्या आतच गेल्या, एक सतराव्या दिवशी, एक तिसाव्या. हे त्याने खाली बघत सांगितलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. एवढ्याशा गावात दोन जनाजे निघाले आणि मला कुणी सांगितलं नाही.

ते सगळ्यात आधी माझ्याकडे आले नव्हते, हेही त्याने सांगून टाकलं. हायरीनेच त्यांना बसस्टँडजवळच्या मोठ्या दुकानात धाडलं होतं, तिथे सरकता जिना आहे आणि खेळण्यांचा अख्खा मजला आहे. हे दोघं मुलीला घेऊन गल्ल्यावरच्या पोरीपुढे उभे राहिले. पोरगी म्हणाली, यावर बारकोड नाही, मशीन घेणार नाही. मालक कुठे आहे विचारलं तर मालक कोण हे तिला ठाऊक नव्हतं. शेवटी एक टायवाला आला, त्याला वाटलं हे लोक मूल टाकून पळायला आलेत, तो पोलिसांना फोन लावायला निघाला.

मला हसू आवरेना. सोतवल्दीही हसला. मुहय्यो हसली नाही, ती मुलीचं टोपडं सारखं करत होती.

मग तो जे बोलला त्याने माझं हसू जागीच गेलं.

"तिथे जमलं नाही, तर आता घरी ओयी म्हणते, माझ्या जन्माच्या वेळचा सौदा कच्चा राहिला होता. माझ्यावर यायचं होतं ते मुलींवर आलं. ते पक्कं करायचं तर त्याच दुकानात करायला हवं."

"म्हणजे तुझ्या दोन पोरी मी मारल्या?"

"मी नाही तसं म्हणत, ओपा."

"तू नाही म्हणत. तुझी आई म्हणते, आणि तू नऊ वर्षांनी तोंड दाखवायला येतोस ते तिचा निरोप घेऊन."

माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की थांबत नाही. मी त्याला कढई दाखवली, वाट्या दाखवल्या. सकाळपासून कुणाची वाट बघतेय आणि आलं कोण, ते ऐकवलं. तो माझं बोलणं ऐकत मान खाली घालून उभा राहिला. लहानपणी भोवरा उचलताना पकडला गेला की अगदी असाच उभा राहायचा. मला त्याला तिथून घालवून द्यायचं होतं. मुहय्यो तेव्हा पहिल्यांदा बोलली, अगदी हळू.

"मीही नाही तसं म्हणत. पण डॉक्टर झाले, दुवा झाली, आता माझ्या हातात दुसरं काही उरलेलं नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. बाळंतिणीने घराबाहेर पडू नये अशा दिवसांत ती पोर अर्धं कोकंद पायी तुडवून आली होती, तिच्या बुटांवर धूळ होती. माझा राग तिथेच ओसरला. मी हात पुढे केले.

पण मूल ठेवायचं कशात? ते मालामध्ये निजलं पाहिजे, आणि दुकानात माल उरला नव्हता. उरली होती ती फरगान्याला न्यायची माझी पेटी. विकायचं नाही म्हणून मी सहा वर्षं लपवून ठेवलेलं त्यात होतं. मी दोरी सोडली. एक घोडा, एक दोन चाकांचा गाडा, तीन खुळखुळे आणि बाहुलीचा एक पाळणा. वाट्या बाजूला सारून सगळं फळीवर मांडलं. फळी डुगडुगते, आणि रिकामा पाळणा हलणं बाळाला बरं नाही, म्हणून त्या पाळण्यात दोऱ्याचं रीळ टाकलं. मुहय्योच्या हातात एक खुळखुळा दिला, मूल घेतलं, आणि सौद्याचा पहिला भाग झाला. सोतवल्दी रोटीवाल्याच्या दुकानापाशी जाऊन थांबला. मुहय्यो गल्लीच्या टोकाकडे निघाली.

वळसा घालून यायला चहा निवेल एवढा वेळ लागतो. तेवढा वेळ ती मुलगी माझी होती, रीतसर विकत घेतलेली. तिने जांभई दिली. तिच्या कानाच्या पाळीवर बारीक लव होती. मी बोट पुढे केलं तर तिने ते धरलं, सगळीच धरतात, त्यात विशेष काही नाही. पण मला एकतीस वर्षांपूर्वीचा तो शब्द पुन्हा जिभेवर आलेला कळला, अगदी तोच. मी ओठ दाताखाली धरले आणि एर्गाशच्या घोड्याकडे बघत बसले. देखणी होती हो. आता इथे म्हणायला हरकत नाही.

मुहय्यो आत आली ती चेहरा पार कोरा करून.

"दुकानदारीणबाई, घरात ठेवायला काही आहे का तुमच्याकडे?"

"दुकान रिकामं झालंय. एवढं एक पडून आहे, ते कुणी नेत नाही."

"दाखवा तर खरं."

"बघ बाई. नाक बटाट्यासारखं. डोकं एका बाजूने चपटं, कातताना कारागिराचा हात घसरलेला दिसतो. केस धड काळे नाहीत धड भुरे नाहीत. शिवाय वाजतं, रात्रभर वाजतं. तुझ्या जागी मी असते तर घेतलं नसतं."

तिने एकदा मुलीकडे पाहिलं, पण मोडता घातला नाही. "चालेल. मला असंच हवं होतं."

"परत घेणार नाही."

"परत आणणार नाही."

तिने खिशातून मूठभर कोंडा काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो फळीवर ठेवला आणि मूल उचलून तिला दिलं. एक शब्द चुकला नाही. सासू असती तर तिने आज मला जवळ घेतलं असतं.

सोतवल्दी आत आला तो सगळा बदलून. खांद्यावरचं पोतं उतरवल्यासारखा मोकळा दिसत होता. उभ्याउभ्या त्याने ताटभर ओश खाल्ला, वर म्हणाला, ओपा, असा ओश कोकंदमध्ये आता कुणाला जमत नाही. मी त्याला आणखी वाढलं. मुहय्यो मुलीला पाजायला भिंतीशी बसली. दुकानात चार माणसं होती, वाट्यांमधून वाफ निघत होती, आणि क्षणभर मला ईदचा दिवसच वाटला.

बाहेर मोबाइलवाला येऊन डोकावला, किल्लीसाठी. मी त्याला जरा थांब म्हटलं. सोतवल्दीने तेव्हा विचारलं की दुकान गेल्यावर तुम्ही कुठे राहणार. फरगान्याला, भाच्याकडे, मी म्हणाले. चांगलं आहे, मोठं शहर आहे, तो म्हणाला, आणि बोटं चाटली. मी वाट पाहिली. त्याने आणखी एक घास घेतला. मग खिशावर थाप मारून, मला हसवायला म्हणून, तो म्हणाला, "कोंडा उरलाय माझ्याकडे. आणखी काही विकायचं राहिलंय का, ओपा?"

मी झग्याला हात पुसले.

"राहिलंय एक. फार जुनं आहे. सांधे कुरकुरतात, रंग उडालाय. सकाळपासून बडबड सुरू होते ती थांबत नाही, आणि खातंही बरंच. मूठभर कोंड्यालासुद्धा महाग आहे. पण कुणी घरी नेलं तर एका कोपऱ्यात पडून राहील."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. डोळे पुसत म्हणाला, "तुमच्या जिभेला अजून गंज चढला नाही बघा."

त्याला दोष कसा देऊ? मी ते अगदी रीतीप्रमाणे बोलले होते, मघाच्याच सुरात, चेहऱ्याची घडीही न मोडता. एकतीस वर्षांपूर्वी जे खरं होतं ते तोंडातून गेलं आणि सौदा बिघडला. आता खरं कसं बोलतात तेच मला आठवेना. मुहय्यो मात्र हसली नव्हती. ती मुलीला पाजता पाजता थांबून माझ्याकडे बघत होती.

मग निघायची वेळ झाली. माल बाहेर पडणार, म्हणून मी दाराकडे पाठ करून फळीसमोर बसले. सोतवल्दीने सलाम केला आणि तो आधी बाहेर गेला, मोबाइलवाल्याशी काहीतरी बोलत. त्याच्या मागे मुहय्योची पावलं निघाली आणि उंबऱ्यापाशी थांबली.

सोतवल्दीने पुढून तिला हाक मारली. ती हलली नाही. तिला बोलायची परवानगी नव्हती, एवढंच काय, तोंडातून हुंकारही काढता येत नव्हता. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मुलगी दूध पोटात गेल्यावर करतात तसा बारीक आवाज करत होती. ती कशासाठी थांबली होती ते मला ठाऊक आहे. मी वळून पाहिलं असतं तर तिने डोळ्यांनी सांगितलं असतं, किंवा नुसता हात पुढे केला असता, आणि मी पेटीसुद्धा न घेता उठून गेले असते.

समोर बाहुलीचा पाळणा होता. त्याच्या कडेला मीच काढलेली निळी रेघ आहे, ती मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग परत पहिल्या टोकापासून पाहिली. फळीवरून मुठीत घेतलेला कोंडा घामाने ओला होत होता.

बराच वेळ ती थांबली. मग पायरी उतरली, आणि तिची पावलं गल्लीतून वळणाकडे गेली.

मी वळले नाही. या वेळी सौदा पक्का झाला.